आवाज शॉकरचा नव्हता

काकूच्या मारुती झेनला पुढून आवाज येत होता. एका गॅरेजवाल्यानं बॉनेटवर हात ठेवून गाडी दोनदा दाबली, दोन्ही शॉकर (शॉक ॲब्जॉर्बर) गेले म्हणाला आणि खर्चाचा कागद काढून दिला. गाडी जॅकवर चढवली नाही, चाक हलवून पाहिलं नाही, एक चक्करसुद्धा मारली नाही. काकूनं त्या कागदाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "हे खरं आहे का, बघून सांग."

हा विषय मला मनापासून जवळचा आहे, म्हणून नीट लिहायला बसले आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरला माझं काम मोजमापाचं: तयार झालेला भाग ड्रॉइंगमधल्या मापात आहे की नाही, ते तपासायचं. न मोजता तिथे एक वॉशरही बाद करता येत नाही. वीस वर्षांहून जुन्या गाडीचे शॉकर मात्र नुसते दाबून बाद होतात, याचा मला खरोखर राग येतो. पुढच्या चाकांशी वाजू शकतील असे सांधे मोजके असतात. प्रत्येकाची वाजायची वेळ वेगळी असते आणि बहुतेक सगळ्यांची ढिलाई हाताला लागते. आधी ती ढिलाई सापडायला हवी, मग पार्ट.

गाडी २००२ ची. झेन आपल्याकडे १९९३ मध्ये आली आणि २००६ मध्ये बंद झाली. ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, हलकी, लहान, इंदूरच्या गल्ल्यांत कुठेही वळणारी. काकांनी ती नवी घेतली होती. ते गेल्यावर घरात सगळे म्हणाले विकून टाक, पण काकूनं ठेवली. लोकमान्यनगरहून रामबागेत बहिणीकडे, भाजीला, बँकेत, कधी अन्नपूर्णेच्या देवळात, एवढंच तिचं चालवणं. त्यामुळे किलोमीटर कमी आहेत. पण रबर किलोमीटर मोजत नाही. माळव्यातला चाळीसच्या वर जाणारा उन्हाळा, हवेतला ओझोन आणि नुसतं वय एवढ्यानं ते कडक होतं आणि भेगाळतं, गाडी उभी असली तरी. कमी चाललेली जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: मीटर बघून इंजिनाचा अंदाज येतो, सांध्यांतल्या रबरी बुशांचा येत नाही.

काकूला मी फोनवर एकच विचारलं, आवाज नेमका कधी येतो?

"अगं, सिग्नलला ब्रेक दाबला की पायाखाली एकदा खट्. आणि मग सोडला की परत एकदा. महू नाक्याला तर दर वेळी."

"खड्ड्यातून गेलं की?"

"खड्ड्यात बारीक खडखड येते, पण ती वेगळी. आणि जोरात ब्रेक लावला तर गाडी डावीकडे जाते गं."

गॅरेजच्या कागदापेक्षा या तीन वाक्यांत कितीतरी जास्त निदान होतं. चालवणारा माणूस आवाजाचं नाव सांगू शकत नाही, पण वेळ अचूक सांगतो. ती वेळच कामाची असते. ब्रेक दाबताना एकदा आणि सोडताना एकदा खट् होत असेल, तर काहीतरी पुढे-मागे सरकतंय. शॉकर खाली-वर काम करतो. पुढे-मागे सरकण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

इथे झेनच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना सांगावी लागेल, कारण सगळं निदान त्याच्यावरच उभं आहे. मारुती ८०० असो, अल्टो असो की झेन, तिन्हींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं ही रचना काढली आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांमधून ती जगभर गेली. स्प्रिंग आणि शॉकर मिळून एकच खांब, म्हणजे स्ट्रट. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली रबराच्या माउंटिंगमध्ये बसतं, तिथेच एक बेअरिंग असतं, आणि स्टिअरिंग फिरवलं की अख्खा खांब फिरतो. खालचं टोक नकलला, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्याला, बोल्टनं जोडलेलं. नकलच्या तळाला बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळू शकणारा गोळ्याचा सांधा, आणि बॉल जॉइंटपासून गाडीच्या मधल्या भागाकडे जाणारा लोअर आर्म.

आता महत्त्वाची गोष्ट. या गाड्यांमधला लोअर आर्म म्हणजे एकच साधा दांडा आहे. आतल्या बाजूला तो एका बोल्टवर झुलतो. अशा दांड्यानं चाक आत-बाहेर जाणं थांबतं, पण पुढे-मागे जाणं थांबणार कसं? बऱ्याच गाड्यांमध्ये आर्म त्रिकोणी असतो, दोन ठिकाणी पकडलेला, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. मारुतीच्या या छोट्या गाड्यांत ते काम स्टॅबिलायझर बारला दिलं आहे. बार गाडीच्या पुढच्या बाजूनं आडवा जातो, बॉडीला डी बुशांत (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या रबरांत) पकडलेला असतो, आणि त्याची दोन्ही टोकं मागे वळून लोअर आर्मच्या भोकातून आरपार जातात. तिथे रबराचा बुश, खोलगट वॉशर, खाचांचा कॅसल नट आणि तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन. म्हणजे वळणावर गाडी कलू न देणं हे बारचं एक काम, आणि चाक पुढे-मागे धरून ठेवणं हे दुसरं. ब्रेकचा सगळा झटका या टोकाच्या बुशांमधून बॉडीला जातो. ते बुश गेले की ब्रेक दाबल्यावर आधी चाक मागे सरकतं, मोकळी जागा संपते, धातूला धातू लागतो आणि मग गाडी थांबायला लागते. दांडा सैल झालेली कढई उचलताना होतं तसं, आधी दांडा हलतो, मग कढई. एकाच बाजूचा बुश जास्त गेला असेल तर ते चाक मागे जाताना टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा, मात्र आपल्या जागी असतो, त्यामुळे चाक आपणहून किंचित वळतं. काकूची गाडी डावीकडे जात होती ती यामुळेच, असा माझा अंदाज झाला.

अंदाज म्हणजे निदान नव्हे. शनिवारी गाडी मी स्वतः चालवली.

आवाज ऐकायला जायचं तर खिडक्या उघड्या, रेडिओ बंद, डिकी रिकामी. डिकीतली स्टेपनी आणि जॅक घट्ट आहेत का ते आधी बघायचं, नाहीतर तासभर जॅकचाच आवाज शोधत बसाल. केसरबाग रोडला सकाळी रहदारी कमी असताना मी वीसच्या वेगानं जाऊन हलका ब्रेक दाबला: खट्. सोडला: खट्. रिव्हर्समध्ये थोडं मागे घेऊन ब्रेक: पुन्हा खट्. दिशा बदलली की हमखास. मग खडबडीत पट्ट्यावरून हळू गेले, तेव्हा ती बारीक खडखड आली. तिथे डाव्या पायानं ब्रेक अगदी किंचित दाबून धरला. खडखड थांबली असती तर ती ब्रेक पॅडची किंवा कॅलिपरच्या पिनांची निघाली असती आणि सस्पेन्शन उघडायचं कारणच नव्हतं. ती थांबली नाही. मैदानात स्टिअरिंग पूर्ण कापून गोल फिरवली, टकटक आली नाही, म्हणजे एक्सलचे जॉइंट ठीक. रिंग रोडला वेग वाढवला तरी घुमणारा गूं आवाज नव्हता, म्हणजे बेअरिंगही बहुतेक ठीक. स्पीडब्रेकरवरून उतरताना नाक एकदा खाली गेलं, वर आलं आणि स्थिरावलं. शॉकर संपलेली गाडी त्यानंतरही डोलत राहते.

तिथून गाडी थेट उस्तादांकडे नेली. महू नाक्याच्या पलीकडे त्यांचं छोटंसं गॅरेज आहे. एक शेड, एक खड्डा, भिंतीवर पाने टांगलेले. वय साठीच्या पुढे, माझ्या वडिलांची फियाट त्यांच्याकडेच असायची. मी काही बोलायच्या आत त्यांनी काकूला स्टिअरिंगवर बसवलं, गाडी खड्ड्यावर घेतली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि म्हणाले, "दीदी, ब्रेक दबाके रखो, छोड़ना मत." मी टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले. त्यांनी आणि त्यांच्याकडच्या मुलानं गाडी मागून पुढे-मागे ढकलायला सुरुवात केली.

ब्रेक लागलेला असल्यानं चाक जमिनीला धरून होतं आणि बॉडी पुढे-मागे होत होती. डाव्या आर्मच्या भोकात बारचं टोक सरळ सरकताना दिसलं. पुढे, मागे, पुढे, आणि प्रत्येक वेळी तीच खट्, आता माझ्या कानापासून हातभर अंतरावर. सगळा बार धुळीनं आणि ग्रीसनं काळा झालेला, पण भोकाजवळ बोटभर रुंदीचा पट्टा स्टीलच्या नव्या ग्लाससारखा लखलखीत, कारण तिथे तो रोज घासला जात होता. वॉशरची एक कड झिजून धारदार झालेली. बुशाच्या जागी फाटलेली काळी कातडी आणि तिच्याखाली आर्मवर रबराची भुकटी. उजव्या बाजूला बुश भेगाळलेला होता, पण बार जेमतेम सरकत होता.

डावी बाजू जास्त का झिजली, तर आपल्याकडे डावं चाक रस्त्याच्या कडेनं जातं. डांबराची तुटलेली किनार, साचलेल्या पाण्याखालचे खड्डे, गटारांची झाकणं, सगळं डाव्याच्या वाट्याला. माळव्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ताही लाटा धरतो, आणि कडेला त्या जास्त असतात. शिवाय काकूच्या दाराशी उतार आहे आणि रोज तिरकी चढताना डावं चाक आधी आपटतं.

खडखडीचं कारण अजून सापडायचं होतं. त्यासाठी चाकं हवेत लटकायला हवीत. जॅक कुठे लावायचा हे इथे फार महत्त्वाचं. जॅक लोअर आर्मखाली लावला तर बॉल जॉइंट दाबला जातो आणि त्यातली ढिलाई लपते. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगवरून स्ट्रटमध्ये आणि तिथून नकलवर येतं. बॉल जॉइंटवर ते नसतंच, म्हणून तो मोकळा लटकलेला असतानाच तपासायचा. उस्तादांनी बॉडीखाली जॅक लावून दोन्ही बाजूंना घोड्या (स्टँड) दिल्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पुन्हा पुन्हा सांगेन.

चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. डावीकडे हलकीशी टक् लागली. इथे दोन संशयित असतात, बेअरिंग आणि बॉल जॉइंट. काकूला ब्रेक दाबायला सांगितलं. ब्रेक दाबल्यानं डिस्क आणि नकल एक होतात, म्हणजे बेअरिंगची ढिलाई असेल तर ती नाहीशी व्हायला हवी. टक् तशीच राहिली. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं: ते टाय रॉड एंडसाठी. तिथे दोन्ही बाजू घट्ट. शेवटी छोटी पहार आर्म आणि नकलच्या मधे घालून हलका जोर दिला, आणि डाव्या बॉल जॉइंटची मान हलली. त्याचं रबरी बूट एका बाजूनं फाटलेलं होतं. आतलं ग्रीस धूळ-पाणी लागून तपकिरी चिखल झालेलं. मी कामावरचं डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं काट्याचं यंत्र, चुंबकाच्या बुडासकट आणलं होतं. ते आर्मवर बसवून काटा नकलला टेकवला. पहार दाबली की काटा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जायचा. उजव्या बाजूला काटा थरथरला, पण हलला नाही. मापाची तशी गरज नव्हती, कारण अशा बॉल जॉइंटमध्ये हाताला जाणवेल एवढी ढिलाई म्हणजे बदलायचाच. पण मोजल्यावर दोन बाजूंमधला फरक काकूला डोळ्यांनी दिसला आणि खर्च कशाचा आहे, हे तिला कळलं. बॉल जॉइंट ही गाडीतली दुर्लक्ष करायची जागाच नव्हे. तो निसटला तर चाक बाहेर फेकलं जातं आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही.

स्ट्रटही तपासले. बॉनेट उघडून वरच्या माउंटिंगवर मी तळवा ठेवला, मुलानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवलं. बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग पीळ खाऊन टण्‌कन सुटते आणि ते तळव्याला कळतं. इथे सरळ फिरत होतं. शॉकरचे दांडे कोरडे होते. डाव्यावर धुळीचा पातळ तेलकट थर होता, पण ओघळ नव्हता. एवढं पुसून महिनाभरानं परत बघायचं असतं. तेल गळून खालच्या कपात साचलं असेल, टायर हाताला जागोजागी खोलगट लागत असेल, तेव्हा शॉकर बदलावा, आणि तो जोडीनंच. सील उघडून तेल भरून देणारेही आहेत. मी त्या वाटेला जाणार नाही, कारण आतल्या व्हॉल्व्हची झीज तेलानं भरून येत नाही. आणि शॉकर काढायची वेळ आलीच तर स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

सामान आणायला छोटी ग्वालटोलीत गेले. झेन बंद होऊन इतकी वर्षं झाली की काउंटरवर आता "मिल जाएगा भिया" पूर्वीइतकं चटकन येत नाही. पण लोअर आर्म आणि बुश किट अजून मिळतात. बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला येतो, म्हणून डाव्या बाजूला अख्खा आर्म घ्यायचा ठरला. उजव्या बाजूचा बॉल जॉइंट चांगला, तिथे फक्त बुश. बारच्या टोकाचे बुश, डी बुश, वॉशर आणि स्प्लिट पिना दोन्ही बाजूंच्या नव्या.

दुकानदारानं दोन प्रकारचे बुश समोर ठेवले. दिसायला सारखे. स्वस्तातल्याला साच्याची जाड कड राहिलेली होती, बाहेरच्या नळीचा व्यास व्हर्नियरला दोन जागी वेगवेगळा आला, आणि नख दाबलं की खूण तशीच राहत होती. महागाच्या बुशावर नखाची खूण लगेच भरून आली. सीलबंद डब्यावर पार्ट नंबर, रबर आणि नळीचा जोड सलग. नळी मापात नसेल तर बुश आर्ममध्ये एक तर जाणार नाही किंवा गेल्यावर फिरत राहील. मी महागाचेच घेतले. पॉलियुरेथेनचे बुशही येतात, पण ते जास्त कडक असतात आणि रस्त्याची प्रत्येक खडी आत पोचवतात. काकूच्या गाडीला रबरच बरं.

काम रविवारी केलं. आदल्या संध्याकाळीच सगळ्या नटांना गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं. गाडी पुढून दोन्ही बाजूंनी एकदम उचलली, कारण एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि नट सोडताना झटका देतो. जुन्या वॉशरची खोलगट बाजू कुठे तोंड करून आहे त्याचे फोटो काढले, मग स्प्लिट पिना. डावीकडची गंजून नटातच मोडली, ती पंचनं ठोकून काढावी लागली. कॅसल नट सुटले, डी बुशांच्या पट्ट्या सैल केल्या, बार पुढे ओढला. बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये एका आडव्या बोल्टनं आवळलेला असतो आणि तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो. बोल्ट नुसता सैल करून कितीही ठोका, दांडा बाहेर येणार नाही. बोल्ट पूर्ण काढला, फटीत छेनी हलकी रोवली, पहारेनं आर्म खाली दाबला आणि तो सुटला.

उजव्या आर्मचा आतला बुश व्हाइसमध्ये दाबून काढायचा होता. एका बाजूला बुशापेक्षा थोडा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला पाइपचा तुकडा, मधे आर्म. उस्ताद दांडा फिरवत होते, मी सगळं सरळ रेषेत आहे का ते बघत होते. आधी नुसता करकर आवाज, मग एकदम सैल. आर्मचं भोक पॉलिश पेपरनं साफ केलं आणि नवा बुश साबणाच्या पाण्यानं ओला करून दाबला. तेल किंवा ग्रीस लावलं तर बुश सहज आत जातो, पण पेट्रोलियमनं रबर फुगतं. साबण वाळून जातो.

जुना आणि नवा बुश शेजारी ठेवून बघितले. नव्यात बोट दाबलं तर रबर हलतं. जुना दगडासारखा, आतली नळी रबरापासून अर्ध्याहून जास्त सुटलेली. बाहेरून बघताना यातलं काही दिसत नव्हतं, कारण दोन्ही बाजूंना मातीचा थर होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. आर्मच्या आतल्या बुशात रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला पक्की होते आणि आर्म खाली-वर होताना रबर पिळलं जातं. त्याचं काम तेच. पण गाडी हवेत असताना आर्म चांगलाच खाली लटकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची सरळ जागा तीच ठरते, आणि गाडी जमिनीवर आल्याबरोबर बुश कायमचा पिळलेला राहतो, उभ्या गाडीतसुद्धा. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि लोक म्हणतात, आजकाल पार्टच खराब येतात. म्हणून हवेत असताना बोल्ट नुसते हातानं आवळायचे, चाकं बसवायची, गाडी खाली उतरवायची, पुढून दोन-चारदा दाबून सोडायची म्हणजे ती आपल्या उंचीला बसते, आणि मग खड्ड्यात उतरून टॉर्क पान्यानं शेवटचं आवळायचं. बारच्या टोकाचे नट आणि डी बुशांच्या पट्ट्याही तशाच. स्प्लिट पिना सगळ्यात शेवटी.

घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते, कारण गाडी हवेत असताना आवळणं सोपं असतं आणि गाडी खाली आली की बोल्टपर्यंत हात पोचत नाही. तुम्ही काम करवून घेणार असाल तर तिथे उभे राहा आणि एवढं एकच सांगा: आर्मचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळा. उस्तादांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मुलालाही तेच करायला लावलं आणि का, ते समजावलं. चाकांचे नट मी स्वतः आवळले, समोरासमोरच्या जोडीनं.

आर्म बदलल्यावर अलाइनमेंट लागतंच. झेनमध्ये फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलता येतो, टाय रॉडवरून. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्ट्रटचा पुढे-मागे कल) गाडीच्या रचनेतच ठरलेले असतात. त्यामुळे मशीनवर त्या दोन आकड्यांत डावं-उजवं फार वेगळं आलं तर काहीतरी वाकलेलं किंवा सैल आहे असा अर्थ होतो, आणि टो कितीही फिरवून ते सुटत नाही. म्हणूनच बुश सैल असताना अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे वाया: मशीनवर उभी असताना चाक एका जागी, ब्रेक लावल्यावर दुसऱ्या. काकूनं उन्हाळ्यात एकदा करून घेतलं होतं आणि तरी डाव्या टायरची आतली कड झिजतच राहिली होती. टायरवर हात आडवा फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागत होतं. ती टोची खूण. या वेळी कॅम्बर-कॅस्टर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे आले, टो मापात बसवला, स्टिअरिंग सरळ केलं.

मग आम्ही दोघी खंडवा रोडला गेलो. तेजाजीनगरच्या पुढे तेव्हा चौपदरीकरणामुळे ठिकठिकाणी वाट वळवलेली होती, कुठे खडी, कुठे नुसतीच दाबलेली माती. तपासायला याहून चांगला रस्ता नव्हता. सिमरोलच्या अलीकडे मागे कुणी नाही बघून काकूला म्हटलं, जोरात ब्रेक दाब. तिनं दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, खट् नाही. खडीवर बारीक खडखडही नव्हती. फक्त डॅशबोर्डचं प्लास्टिक वाजत होतं, जे इतके दिवस दुसऱ्या आवाजाखाली झाकलेलं होतं. काकू म्हणाली, "स्टिअरिंग जड झालंय का गं?" जड झालं नव्हतं. आधी ते मधोमध थोडं रिकामं फिरत होतं, आता लगेच चाकाला लागतं, तेवढाच फरक.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घेतले, सगळे जागेवर होते. झिजलेले पुढचे टायर जोडीनं बदलले. शॉकर तेच आहेत. डाव्यावरचा तेलकट थर पुसून ठेवला होता, परवा पाहिला तर कोरडाच होता. पाऊस संपला की आणखी एकदा बघणार आहे. मागच्या आर्मचे बुशही पुढच्यांच्याच वयाचे आहेत, ते त्याच वेळी तपासून घेऊ.